गौरी जेवल्या त्या दिवशीचा कोट

ऑल्स्टन, बॉस्टन
३ सप्टेंबर २०२५

ती. सौ. आईस,
सा. नमस्कार.

परवा रात्री आरती झाल्यावर तुझा फोन आला आणि जुन्या कपड्यांच्या दुकानातून कोट आणल्याचं मी उत्साहात सांगून टाकलं. तू म्हणालीस, "गौरी जेवल्या त्या दिवशी परक्यांची उतरलेली कापडं घरात आणलीस? बाबांकडे पैसे मागायची लाज वाटली का?" आणि फोन आजीकडे दिलास. तू रडत होतीस, ते मला कळलं. फोनवर पुन्हा हा विषय काढला तर दोघींचेही आवाज चढतील, म्हणून लिहितेय. आजीलाही वाचून दाखव.

आधी तो दिवस कसा होता ते सांगते. बॉस्टनमधले बहुतेक भाडेकरार १ सप्टेंबरला सुरू होतात, त्यामुळे अर्धं शहर एकाच दिवशी बिऱ्हाड हलवतं. आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंना पलंग, गाद्या, टेबलं, दिवे, भांडी मांडून ठेवलेली. जुने भाडेकरू टाकून जातात आणि नवे उचलून नेतात. इथली मुलं याला 'ऑल्स्टनचा ख्रिसमस' म्हणतात. माझं अभ्यासाचं टेबल तिथलंच आहे. (गादी मात्र मी नवी घेतली, ढेकणांच्या भीतीने. हे तुला आवडेल.) यंदा त्याच दिवशी लेबर डे आला. तो सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी असतो, सुट्टी असते, आणि जुन्या कपड्यांच्या त्या दुकानात लेबर डेला सगळं निम्म्या किमतीत मिळतं.

बसने पाऊण तास लागला. दुकान नऊला उघडणार होतं. आम्ही साडेसातला पोचलो तर पार्किंगच्या कडेने रांग वळून मागच्या भिंतीपर्यंत गेलेली. आपल्याकडे दिवाळीच्या आदल्या रविवारी तुळशीबागेत असते तेवढी माणसं, पण एका रेषेत आणि गप्प. दार उघडल्यावर मात्र तुळशीबागच! हँगर लोखंडी दांडीवरून सरकवण्याचा करकर आवाज एकाच वेळी पन्नास ठिकाणाहून येत होता. दोन ट्रॉल्या समोरासमोर आल्या की कोणीतरी मागे जाईपर्यंत सगळी गल्ली अडून राही.

ट्रायल रूम नाहीत. त्यामुळे बायका खांबाजवळच्या आरशासमोर अंगावरच्या कपड्यांवरूनच सगळं घालून बघतात. मला हे आमच्या नागपूरच्या रूममेटने आधी सांगितलं होतं, म्हणून मी पातळ टी-शर्ट घालून गेले होते. तिने दुसरीही एक गोष्ट सांगितली होती, ती मी विसरले. ट्रॉली सोडून दोन मिनिटं बुटांकडे गेले, परत आले तर वर ठेवलेला हिरवा स्वेटर गायब. कोणी मुद्दाम नेला असेल असं नाही, एवढ्या गर्दीत कुठली ट्रॉली कोणाची हेच कळत नाही. तरी वाईट वाटलं. लोकर फार छान होती त्याची.

कोटांच्या रांगेत मी तासभर उभी होते. शेजारी एक म्हाताऱ्या बाई होत्या, हैतीहून इथे येऊन तीस वर्षं झालेल्या. मी नुसती किमतीची चिठ्ठी बघतेय हे पाहून त्यांनी माझ्या हातातला कोट घेतला आणि उलटा केला. आधी काख बघायची, मग कॉलर आणि बाहीची कड, मग चेन तीनदा खालीवर करायची, मग दोन्ही खिशांत मुठी घालून तळ तपासायचा. लोकरीचं काही असेल तर उजेडासमोर धरायचं, कसरीने खाल्लेलं भोक तेव्हाच दिसतं. आई, अगदी तू लुगडं घेताना पदर उजेडात धरतेस तसं धरलं त्यांनी. माझा एकदम गळा दाटून आला.

माझा कोट रांगेत नव्हताच. लोकांना घालून बघून नको वाटलेले कपडे आरशाजवळच्या एका दांडीवर अडकवून ठेवतात, तिथे तो होता. गडद निळा, गुडघ्याच्या खाली येणारा, आत बदकाची मऊ पिसं. लेबलवर ६५० लिहिलं आहे. म्हणजे यातली एक औंस पिसं फुलली की ६५० घनइंच जागा व्यापतात. जेवढी जास्त फुलतात तेवढी हवा धरून ठेवतात आणि तेवढी ऊब. नवा असाच कोट अडीचशे डॉलरच्या खाली नाही, म्हणजे वीस हजारांच्या वर. याच्यावर २९.९९ ची चिठ्ठी होती, मला १५ ला पडला. त्याशिवाय दोन स्वेटर मिळून ९, बर्फातले बूट १०, जाड कॉर्डरॉयची पँट ४. सगळे मिळून ३८ डॉलर. या राज्यात १७५ डॉलरपर्यंतच्या कपड्यांवर विक्रीकर नाही, त्यामुळे वर काही लागलं नाही. बाबांना हा हिशोब दाखव.

पैसे मागायची लाज वाटली नाही, आई. बाबांनी सोसायटीचं कर्ज काढून मला पाठवलंय आणि त्याचा हप्ता किती हे मला पाठ आहे. कोट तर लागणारच. इथे २०१४-१५ च्या हिवाळ्यात ११०.६ इंच बर्फ पडलं होतं, म्हणजे आपल्या माजघराच्या आढ्याएवढं. दरवर्षी तेवढं नसतं, पण सकाळी सातला लॅबकडे चालत जायचं तर कराडहून आणलेलं जर्किन पुरणार नाही.

आता तुझं खरं म्हणणं. तुला किमतीचं वाटत नाहीये, तुला वाटतंय ते 'परक्याच्या अंगावरचं' याचं. आणि आजीने हळूच विचारलं ते, "मेलेल्या माणसाचा असला तर?" असेलही. मी खोटं सांगणार नाही. पण आजी, नाना गेले तेव्हा त्यांचा तपकिरी गरम कोट तूच आपल्या वाटेकऱ्याला दिलास. थंडीत तो पहाटे पाणी धरायला जाताना तोच कोट घालायचा. तू ओट्यावरून बघत उभी राहायचीस, आणि "अंगाला बसला बघ," म्हणायचीस. त्याच्या घरच्यांनी तेव्हा काय म्हणायला हवं होतं? आपण देतो तेव्हा ते पुण्य, आणि आपण घेतलं की लाजिरवाणं, हे मला पटत नाही.

आणि आई, माझं पहिलं झबलं नानांच्या धुवट धोतराचं होतं, हे तूच प्रत्येकाला सांगतेस. बारशापर्यंत बाळाला कोरं कापड घालायचं नाही, जुनं मऊ असतं, ते टोचत नाही. बाळोती तुझ्या जुन्या साड्यांची. ज्या गोधडीवर मी वाढले ती पाच जणींच्या लुगड्यांची, त्यातली एक तर शेजारच्या काकूंची. पुढे मामेबहिणीचे फ्रॉक. उरलेलं सगळं बोहारीण घेऊन जायची, आणि तू दोन साड्या, तीन शर्टांवर पातेल्यासाठी घासाघीस करायचीस. त्या शर्टांचं पुढे काय होतं असं मी लहानपणी विचारलं की तू म्हणायचीस, "कुणीतरी घालतं." आई, ते कुणीतरी आता मी आहे.

इथे तर हे काम शंभर वर्षांहून जुनं आहे. गुडविल ही संस्था याच बॉस्टनमध्ये १९०२ मध्ये सुरू झाली. एडगर हेल्म्स नावाच्या पाद्र्यांनी श्रीमंत वस्त्यांतून जुने कपडे आणि सामान गोळा केलं, गरीब माणसांना ते दुरुस्त करायला शिकवलं, आणि त्या कामाची मजुरी दिली. मी गेले ते दुकान निराळं, पण जुनं विकत घेण्याची ही सवय इथल्या मातीतली आहे. आता तर १ नोव्हेंबर २०२२ पासून या राज्यात कपडे कचऱ्यात टाकायला कायद्याने बंदी आहे.

एक गोष्ट मला टोचते, ती तुलाच सांगते. त्या गर्दीत एक आई होती, तीन मुलं घेऊन. एकेकाला बर्फातला पोशाख चढवून बघत होती, आणि धाकट्याच्या मापाचा मिळेना. त्याच वेळी काही जण पुन्हा चढ्या भावाने विकण्यासाठी ट्रॉल्या भरत होते, प्रत्येक लेबलचा फोनवर भाव बघत. ते मला आवडलं नाही. त्यात मीही एक कोट उचललाच. म्हणून मी ठरवलंय, लागतं तेवढंच घ्यायचं आणि मुलांच्या कपड्यांना हात लावायचा नाही. शिक्षण संपून निघताना हा कोट धुऊन तिथेच परत देणार आहे.

ढेकूण-खरजेची काळजी करू नकोस. आणलेलं सगळं पिशवीत बांधूनच तळघरातल्या धुलाई मशीनपर्यंत नेलं. त्याआधी मोबाइलच्या उजेडात एकेक शिवण बघितली. पँट गरम पाण्यात धुऊन कडक ड्रायरमध्ये अर्धा तास ठेवली. कोटाला तेवढी उष्णता चालत नाही, तो मंद आचेवर तीन तास, आत टेनिसचे दोन चेंडू टाकून. त्यांच्या माराने पिसांच्या गुठळ्या सुटतात. डाव्या खिशाचं अस्तर फाटलं होतं. आजीने बॅगेत टाकलेली सुई आणि काळा दोरा काढला आणि धावदोऱ्याने शिवलं. टाके जरा लांब आलेत, आजी. तुझ्यासारखे बारीक अजून जमत नाहीत.

आता एक विचारायचंय. पुरुषांच्या कपड्यांच्या रांगेत राखाडी लोकरीचं एक बंद गळ्याचं स्वेटर होतं, एकही भोक नाही, ५ डॉलरला. बाबा पहाटे दूध घालायला डेअरीत जातात ते डोळ्यांसमोर आलं. ट्रॉलीत ठेवलं, रांगेत नंबर येईपर्यंत हातात धरलं, आणि मग परत जागेवर अडकवून आले. तुला विचारल्याशिवाय ते बाबांच्या अंगावर घालायला पाठवणं बरं वाटलं नाही. फेब्रुवारीत प्रेसिडेंट्स डेला पुन्हा निम्म्या किमती असतात म्हणे. तुझा राग गेला असेल तर बाबांच्या छातीचं आणि बाहीचं माप घेऊन ठेव, आणि मला कळव.

आजीला शि. सा. नमस्कार. गौरींचे फोटो पाठव, खड्यांचे आणि मुखवट्यांचे दोन्ही.

तुझी,
मनू