दुबईतलं भाड्याचं घर असं टाकून येऊ नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नोकरी गेली की दुबईतलं भाड्याचं घर कुणाला न सांगता टाकून सरळ भारतात निघून येणारी आपली मुलं बघितली की फार वाईट वाटतं, म्हणून हे लिहितेय. इथे दुबईत, इंटरनॅशनल सिटी भागातल्या आमच्या बिल्डिंगमधून मागे एक मराठी जोडपं असंच गेलं, फ्रिज, सोफा सगळं जागच्या जागी, चावी वॉचमनकडे, आणि मालकाकडे यांनी दिलेले पुढच्या तारखांचे चेक. मालक काही कुणी शेख नव्हता हो, आपल्यासारखाच नोकरी करून हप्त्यांवर फ्लॅट घेतलेला माणूस, त्याला चेक परत आल्यावरच कळलं.

आपल्याकडे पुण्या-मुंबईत ११ महिन्यांचा करार आणि महिन्याची नोटीस याची सवय, त्यामुळे इथेही तसंच असणार असं पोरं धरून चालतात. इथे वर्षाचं भाडं ठरतं आणि त्याचे चेक आधीच लिहून द्यावे लागतात. दुबईच्या २००७ च्या २६ नंबरच्या भाडे कायद्यानुसार चालू करार एकट्या भाडेकरूला मोडता येत नाही आणि एकट्या मालकालाही नाही, दोघं राजी हवेत. म्हणून सही करायच्या आधीच, नोकरी गेली तर दोन महिन्यांचं भाडं भरून घर सोडता येईल असं कलम लिहून घ्यायचं, बरेच मालक तयार होतात.

मुलं पळतात ती भीतीने, हे मला कळतं. पूर्वी चेक बाउन्स झाला की पोलीस केस व्हायची, लोक तुरुंगात जायचे, २००९ च्या मंदीत तर कित्येकजण एअरपोर्टवर गाड्या सोडून गेले होते आणि त्या गोष्टी अजून सांगितल्या जातात. पण २ जानेवारी २०२२ पासून कायदा बदललाय, खात्यात पैसे कमी पडले म्हणून चेक परत गेला तर तेवढ्यावरून आता फौजदारी गुन्हा होत नाही, वसुली मात्र थेट कोर्टाच्या अंमलबजावणी खात्यातून होते आणि देश सोडायला बंदीही येऊ शकते. आणि सगळ्यात महत्त्वाचं कुणी सांगतच नाही, की चेक भरायच्या आधी मुद्दाम खातं बंद करणं किंवा सगळे पैसे काढून घेणं हा अजूनही गुन्हाच आहे! म्हणजे निघताना पोरं नेमकं जे करतात तेच. साधा थकलेला पैसा असतो, त्याची केस ते स्वतःच्या हाताने करून ठेवतात.

भारतात आलो म्हणजे सुटलो असंही नाही. जानेवारी २०२० मध्ये आपल्या सरकारने दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ४४अ कलमाखाली यूएईचा समावेश केला, त्यामुळे यूएईतल्या कोर्टाचा पैशाचा निकाल भारतातल्या जिल्हा कोर्टातून वसुलीला आणता येतो.

त्यापेक्षा पहिल्याच आठवड्यात मालकाला भेटा, टर्मिनेशन लेटर दाखवा, जमलं तर दुसरा भाडेकरू आणून द्या. मालकालाही घर मोकळं हवं असतं कारण तुमचं इजारी, म्हणजे कराराची सरकारी नोंद, रद्द झाल्याशिवाय त्या घराची नवी नोंद होत नाही. त्या जोडप्याच्या मालकाची हीच अडचण झाली, घर रिकामं पडलेलं, हप्ते चालू आणि भाड्याने देता येईना, आता तो भारतीय भाडेकरूकडे वर्षाचं सगळं भाडं एकाच चेकने आधी मागतो. नव्याने आलेल्या एखाद्या पोराने एवढे पैसे आणायचे कुठून? निघताना हिशेब मिटल्याचं लेखी पत्र आणि उरलेले चेक हातात घ्या, मग विमानात बसा.

तुमच्या करिअर पुरवणीत आखातातल्या पगारांबद्दल पुष्कळ येतं. त्यासोबत भाडेकराराबद्दलही एकदा सविस्तर छापा अशी कळकळीची विनंती आहे, जाणारी मुलं ती पुरवणी वाचतात आणि त्यांचे आईवडीलही.

– एक वाचक, दुबई (मूळ डोंबिवली)