करी रोडच्या ताईंनो, आभार

ज्या खानावळीत मी पोळ्या लाटायचे, ती ऐन गणपतीच्या तोंडावर बंद पडली. पगारही बुडाला. तुमच्या मंडळातल्या बायका दरमहा वर्गणी काढून कुणा एकीला उभं करतात, हे शेजारणीकडून कळलं. तुम्ही मला दोन शेगड्या आणि मोठी परात घेऊन दिलीत. व्याज नाही, परतफेड नाही. सासूबाईंना तर खरंच वाटेना! घरून डबे द्यायचे तर वर्षाला 100 रुपयांची एफएसएसएआय, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा संस्थेकडची, नोंदणी लागते, हेही तुम्हीच सांगितलंत. बँकेत मुलगा माझा फॉर्म भरायला लागला, तेव्हा चष्मेवाल्या ताईंनी पेन काढून माझ्या हातात दिलं. एकेक रकाना वाचून दाखवला, खातं माझ्या एकटीच्या नावावर उघडलं. मनापासून आभार. पुढच्या महिन्यापासून माझीही वर्गणी धरा.