शिरोलीहून पत्र

तीर्थस्वरूप आई-बाबांस साष्टांग नमस्कार.

सोमवारी भागीदारी संपवण्याच्या कागदांवर दादाने आणि मी सह्या केल्या. फोनवर सांगायचे धैर्य झाले नाही, कारण आईचा आवाज ऐकला असता तर मी माघार घेतली असती. काकांशी वाद झालेला नाही, दादाशी अबोला नाही. पलूसची शेड त्याच्याकडे राहील, ओतीव धातूचे भाग कापून घडवणारी दोन्ही व्हीएमसी मशीन मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत आणली आहेत आणि त्याच्या वाट्याचे पैसे तीन हप्त्यांत पोहोचतील.

बाबा, दादाच्या मनात खोट आहे असे मी कधीच म्हणणार नाही. पण संध्याकाळी शेडमध्ये त्याच्या मित्रांची जी बैठक भरायची, तिथे कोणाच्या जमिनीला काय भाव आला आणि कोणी कोणाला पैशासाठी किती महिने फिरवले, याखेरीज बोलणेच नसे. ती माणसे वाईट नव्हती. आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळी रात्रभर दवाखान्यात तीच थांबली होती, हे मी विसरलेले नाही. तरीही रोज तेच कानावर पडून मलाही ते रीतीचे वाटू लागले. टूल पुरवणाऱ्या एका माणसाचे पैसे मी तीन महिने थकवले आणि त्या रात्री मला शांत झोप लागली, याची आज लाज वाटते.

इथे पहिल्याच आठवड्यात शेजारच्या फाउंड्रीच्या, म्हणजे ओतकामाच्या कारखान्याच्या, वयस्कर मालकांनी चहा घेताना विचारले, "तुझे रिजेक्शन किती?" शंभरात किती नग बाद होतात, तो आकडा मला सांगता आला नाही. दुसऱ्या दिवशी ते स्वतः आले. वाळूत ओल जास्त राहिली की ओतताना वायू कोंडून कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतीव भागात, ब्लो होल म्हणजे पोकळ छिद्रे राहतात आणि ती आपल्याला मशिनिंग झाल्यावर दिसतात, म्हणजे आपली मजुरी बुडते. प्रत्येक नगाची हीट नंबरप्रमाणे, म्हणजे ओतकामाच्या क्रमांकाप्रमाणे, नोंद ठेव, मग दोष कोणत्या ओतकामातला ते फाउंड्रीला पुराव्यानिशी दाखवता येईल, असे त्यांनी शिकवले. शंभरातले नऊ नग बाद होत होते, ते आता तीनवर आले आहेत.

दर गुरुवारी आम्ही सात कारखानदार एकमेकांच्या वह्या पाहतो. लहान उत्पादकाचे बिल जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे, असा कायदा 2006 पासून असूनही मी बिलावर उद्यम नोंदणीचा, म्हणजे लहान उद्योग म्हणून झालेल्या सरकारी नोंदणीचा, क्रमांक लिहीत नव्हते. तो लिहायला त्यांनीच लावले. माझ्या मशीनचे स्पिंडल, म्हणजे हत्यार फिरवणारा भाग, बिघडले तेव्हा त्यांच्यातल्या एकाने दोन रात्री स्वतःचे मशीन मला दिले आणि भाडे घेतले नाही.

बाबा, लहानपणी सायकलच्या दांडीवर बसवून तुम्ही मला किर्लोस्करवाडी स्टेशनवर मालगाड्या दाखवायला न्यायचात आणि वाटेत कारखानदार लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट सांगायचात. बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या राजांनी त्यांना तो माळ दिला, आणि 1910 मध्ये त्या माळावर वसाहत उभी राहिली ती रामूअण्णांसारखी माणसे सोबत होती म्हणून, हे तुम्हीच मला सांगितले आहे. मी माणसे शोधायला आले आहे, घर सोडायला नाही, एवढे तुम्ही समजून घ्यावे.

माझी काळजी करू नका. रुईकर कॉलनीतली खोली हवेशीर आहे, सकाळी पाणी भरपूर येते, घरमालकीणबाई रात्रीच्या भाकरीचे पैसेसुद्धा नाइलाजाने घेतात. आई, तू दिलेली गोधडी अजून रोज अंगावर घेते. तिला आपल्या कपाटातला कापराचा वास येतो आणि मी पुन्हा पाचवीतली होते.

आता माझे ऐका. बाबांनी साखरेची तपासणी दर तीन महिन्यांनी करायचीच, आणि शेजारच्या काकूंकडचा गुळाचा चहा बंद म्हणजे बंद. आईने माळ्यावरचे डबे काढायला शिडीवर चढायचे नाही. काका घरी आले तर आधी त्यांना जेवायला वाढा. या विषयावर त्यांच्याशी मीच बोलेन. दादाच्या शेडवर बाबांनी पूर्वीसारखेच जात राहावे, त्याला एकटे वाटू देऊ नये.

रविवारी दुपारच्या आत मी पोहोचते. माळ्यावरचे डबे तोवर तसेच राहू द्या.

तुमची,
मनू