वहिनींच्या उशाशी रात्री मी बसतो

सोलापूर,
१७ जानेवारी २०२५

प्रिय मित्रा,

तुझं पत्र गेल्या शनिवारीच मिळालं. चार वेळा वाचलं, उत्तर लिहायला मात्र आजचा दिवस उजाडला. वहिनींचा तिसरा केमो झाला, पोटात पाणीही ठरत नाही, आणि तू लिहितोस, "देवाचं नाव काढलं की आता चीड येते." ती ओळ वाचून मी पत्र खाली ठेवलं. तुला रागवायला नव्हे. कधीकाळी मीही तिथंच उभा होतो, म्हणून.

२०२० चा मे महिना. आमचे आठही माग बंद. आयुष्यभर खडखडाटात झोपलेली आमची गल्ली, आणि त्या शांततेत कुणाला झोप लागेना. टॉवेलचा माल उचलून नेलेल्या व्यापाऱ्यानं तीन महिन्यांचे पैसे दिले नव्हते, फोनही उचलत नव्हता. अण्णांचं उजवं अंग गेलेलं. मी देवघरात दिवा लावणं सोडलं होतं. आई बोलायची नाही, मी बाहेर गेलो की गुपचूप लावायची.

एका संध्याकाळी शेजारच्या अक्का दारात आल्या. आठवतात ना तुला, विड्या वळायच्या त्या? आपण शाळेतून येताना ओट्यावर पानं कापत बसलेल्या असायच्या. त्यांचंही काम बंदच होतं. विड्यांच्या सुपातच ज्वारी घेऊन आल्या, पदराखाली झाकून. म्हणाल्या, "अण्णाला भाकरी करून घाल. आमच्यात दोघंच की, उरतंय." उरत काही नव्हतं, हे मला ठाऊक होतं. आईनं ज्वारी निवडायला घेतली तेव्हा तिच्यात तेंदूपानाचे चार तुकडे आणि विडी बांधायचा एक दोरा निघाला. आईनं तो दोरा फेकला नाही, देवघराच्या कोनाड्यात ठेवला. मला त्या वेळी त्याचा अर्थ कळला नाही.

अण्णा ऑगस्टमध्ये गेले. दोन माग विकावे लागले. व्यापाऱ्याचे पैसे आजवर आलेले नाहीत. म्हणजे बघ, विश्वास ठेवला आणि सगळं सुरळीत झालं, असं मी तुला सांगूच शकत नाही. तसं सांगणाऱ्यांपासून तूही लांब राहा. "श्रद्धा कमी पडली" असं वहिनींसमोर कुणी म्हणालं, तर त्याला उठवून दाराबाहेर काढ.

अण्णांचं वर्षश्राद्ध झाल्यावर मी मंगळवेढ्याला गेलो होतो. दामाजीपंतांची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकली. दुष्काळात त्यांनी बादशाहाची धान्याची कोठारं भुकेल्यांसाठी उघडली, पकडून बेदरला न्यायचा हुकूम सुटला, आणि विठोबा विठू महार होऊन दरबारात पैसे भरून आला. पण त्याच गावात चोखोबाही गेले रे. गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळली, आणि मजुरांबरोबर तेही ढिगाऱ्याखाली सापडले. दामाजींसाठी धावलेला देव चोखोबांच्या भिंतीला हात लावून उभा राहिला नाही. तिथल्या पायरीवर बसून मी खूप वेळ याच एका गोष्टीवर अडलो होतो.

पुढचं आठवलं ते उशिरा. नामदेवराय तो ढिगारा उपसायला गेले. ज्या हाडांतून विठ्ठलाचं नाव ऐकू आलं, ती चोखोबांची म्हणून ओळखली, पंढरपूरला आणली आणि महाद्वारासमोर समाधी दिली. ज्याला जन्मभर देवळाच्या आत येऊ दिलं नाही, तो आता कायमचा विठोबाच्या दारात. भिंत का पडली, याचं उत्तर या कथेत नाही. मलाही ते माहीत नाही. पण ढिगाऱ्याखालीही चोखोबा देवाचे होते आणि देव त्यांचा होता, एवढं मला त्या दिवशी पटलं. अण्णांच्या बाबतीतही पटलं. त्यानंतर मी दिवा लावायला लागलो.

आणि विठू महाराला दरबारात कुणी ओळखलं होतं का? खांद्यावर घोंगडी, हातात काठी, एक साधा माणूस. मी तरी अक्कांना कुठं ओळखलं? सुपातल्या ज्वारीकडे बघून मला तेव्हा फक्त लाज वाटली होती. देवाची दया आपल्या दारात इतक्या साध्या पावलांनी येते की आपण तिला "या, बसा"सुद्धा म्हणत नाही. तू लिहिलंयस, वॉर्डातली एक मावशी वहिनींचे केस विंचरता विंचरता हातात आलेला पुंजका पटकन आपल्या ओच्यात लपवते. तू ते दुःख म्हणून लिहिलंस. ती ओळ पुन्हा एकदा वाच, मित्रा.

तुला प्रार्थना जमत नसेल तर राहू दे. चीड येते, तर तीच देवाला सांग, त्याला ती पेलते. तुझ्या वाटची प्रार्थना सध्या मी करतो. या आठवड्यात सिद्धरामेश्वरांच्या गड्डा यात्रेत अक्षतांच्या सोहळ्याला संमती कट्ट्यावर गेलो होतो. तीच गर्दी, पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी, उंच नंदीध्वज. मुठीतल्या अक्षता अर्ध्या टाकल्या, अर्ध्या वहिनींच्या नावानं टाकल्या. मग तळ्याच्या काठी थोडा बसलो. सिद्धरामेश्वरांनी लोकांची तहान बघून हे तळं खोदलं, असं अण्णा सांगायचे. देवाचं नाव घेता घेता हातात कुदळ घेतली त्यांनी. तुझ्यासाठी नुसतं नाव घेत बसलोय, असं मला तिथं वाटलं.

म्हणून येत्या शुक्रवारी रात्री सिद्धेश्वर एक्सप्रेसने निघतोय, शनिवारी सकाळी पोचेन. मागाचं काम धाकटा बघेल. आईनं शेंगाचटणी कुटलीय, ती तुझ्यासाठी. वहिनींना तिखट चालणार नाही, त्यांच्यासाठी ज्वारीचं पीठ आणतो, पातळ आंबील करून देऊ. आपल्या मागावरची एक मऊ चादरही आणतोय, रुग्णालयातली टोचते म्हणालास ना. शनिवार, रविवार आणि सोमवार, तिन्ही रात्री वहिनींच्या उशाशी मी बसतो. तू घरी जा, अंघोळ कर आणि झोप.

तुझाच,
मित्र