चि. रेवतीस, शिराझला निघण्यापूर्वी

चि. रेवतीस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर नातीच्या, इराच्या, मराठीवरून माझा आवाज चढला, त्याची रुखरुख अजून गेलेली नाही. कॉकेशसच्या डोंगरांतून इराणात आलेल्या चेर्केस लोकांच्या जुन्या वस्त्यांचा माग काढत तू फार्स प्रांतात हिंडणार, याचा मला अभिमानच आहे. माझी फारसी तुझ्यापुढे कधीच तोकडी पडली. पण "भाषा गेली तरी माणसे राहिलीच ना, बाबा," हे तुझे वाक्य डोक्यातून जात नाही.

माणसे राहिली, खरेच. इराणच्या शाह तहमास्पने १५४० ते १५५४ या काळात कॉकेशसवर स्वाऱ्या करून जॉर्जियन, आर्मेनियन, चेर्केस माणसे धरून आणली. त्याचा नातू शाह अब्बासने त्यांच्यातल्या मुलांना फौजेत आणि दरबारात वाढवले, काहींना फार्समधल्या आस्पासला शेतीवर बसवले. तहमास्पची मुलगी परी खान खानम आईकडून चेर्केस होती. १५७६ साली सावत्र भाऊ दुसऱ्या इस्माईलला गादीवर आणण्यात तिचा मोठा हात होता, मामा शमखाल सुलतान पाठीशी उभा होता, आणि १५७८ साली कझवीनमध्ये दोघेही मारले गेले. एवढी सत्ता त्या घराने पाहिली, पण ती कविता करी ती फारसीत. त्याच शाहांनी आणलेल्या जॉर्जियनांचे वंशज इस्फहान प्रांतातल्या फेरेदूनशहरात आजही घरी जॉर्जियन बोलतात, कारण ते एकत्र राहिले. चेर्केस छावण्यांत, जनानखान्यांत, लग्नांतून विखुरले आणि त्यांची बोली विरून गेली. १८६४ नंतर, रशियाने हुसकावल्यावर, तुर्कस्तानात गेलेल्या चेर्केसांचे तसे झाले नाही, हे तूच मला समजावले होतेस.

हे मी पुन्हा का सांगतो आहे, ते तुला कळले असेल. मागच्या रविवारी इराला विचारले, "जेवलीस का?" तर तिने आधी तुझ्याकडे पाहिले.

तुझ्या टेबलावरचे तेरेसाचे, म्हणजे शाह अब्बासचा इंग्रज वकील रॉबर्ट शर्ली याच्या बायकोचे, चित्र आठवते, व्हॅन डाइकने १६२२ साली रोममध्ये काढलेले, सोनेरी वस्त्रांतले. तू दहावीत असताना ते भिंगातून पाहत तिच्या पदरावरची नक्षी मोजत बसायचीस आणि आई जेवायला हाका मारून थकायची. त्या चेर्केस बाईने मुलगा इंग्लंडमध्ये ठेवला आणि नवऱ्याबरोबर इराणला परतली. नवरा १६२८ साली कझवीनला वारला. ती रोमला गेली आणि १६६८ पर्यंत तिथेच राहिली. तो मुलगा पुन्हा भेटला असता तर ती त्याच्याशी कोणत्या भाषेत बोलली असती, असे मनात येते. हा टोमणा नाही, रेवती. तू इराला तिच्या बाबांकडे ठेवून जातेस ते योग्यच आहे, मी उगाच बोलून गेलो, क्षमा कर.

आस्पासला एखादी म्हातारी भेटली तर पाळण्यापाशी म्हणायचा एखादा जुना शब्द घरात उरला आहे का, एवढे विचार. सापडला तर मला उच्चारासकट लिहून पाठव. तू परत येईपर्यंत रोज संध्याकाळी सात वाजता इराला फोन करीन. जावईबापूंना तेवढे सांगून ठेव.

तुझे,
बाबा