विद्यापीठाची नवी प्रणाली : मागणी कोणाची, मान्यता कशाला?

महोदय,

विद्यापीठांचे अर्थसंकल्प मार्चमध्ये अधिसभेपुढे (सिनेटपुढे) येतात तेव्हा नव्या संगणक प्रणालींसाठी केलेल्या तरतुदींच्या रकमांवर बरीच चर्चा होते. मात्र ही प्रणाली मुळात कोणत्या विभागाने मागितली, ती रोज वापरणाऱ्यांना कोणी विचारले का आणि ठरलेल्या मुदतीत ती चालली नाही तर काय करायचे, हे प्रश्न क्वचितच विचारले जातात. माझ्या मते खरी उणीव पैशांची नसून मागणी आणि मान्यता यांच्या पद्धतीतच आहे.

मुंबई विद्यापीठाचा 2017 सालचा अनुभव अजून विस्मरणात जाऊ नये. त्या उन्हाळ्यात सर्व विद्याशाखांच्या उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा निर्णय झाला. सतरा लाखांहून अधिक उत्तरपत्रिकांचा हा पसारा होता आणि तपासणीची प्रणाली पुरवणाऱ्या कंपनीला काम मिळाले तेव्हा परीक्षा सुरू झालेल्या होत्या. पुढे स्कॅनिंग रखडले, प्राध्यापकांना लॉगिन करताना अडचणी आल्या, तपासणीसाठी महाविद्यालयांतील अध्यापन काही दिवस थांबवावे लागले आणि इतर विद्यापीठांतील प्राध्यापकांचीही मदत घ्यावी लागली. कायद्यानुसार निकाल तीस दिवसांत, फार तर पंचेचाळीस दिवसांत लागायला हवेत. येथे कुलपतींनी दिलेली 31 जुलैची मुदतही टळली. परदेशी प्रवेश आणि नोकऱ्या हातच्या जाण्याची भीती विद्यार्थ्यांनी सोसली, आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले.

पडद्यावरील मूल्यांकन ही कल्पना त्या वेळी मुंबईला नवी नव्हती. अभियांत्रिकी शाखेत ती त्याआधीपासून वापरात होती. म्हणजे अनुभवाची शिदोरी हाताशी होती. ती घेऊन आधी एका विद्याशाखेत, मग दुसऱ्या शाखेत असे टप्प्याटप्प्याने जाता आले असते. पण सगळे एका दमात करण्याचे ठरले. ज्या हजारो प्राध्यापकांनी हे काम करायचे होते, त्यांची लेखी मागणी किंवा तयारीचा अहवाल निर्णयापूर्वी कोणी मागितला असता, तर मुदत पुरणार नाही हे तेव्हाच कागदावर आले असते. शिवाय, नवा सार्वजनिक विद्यापीठ कायदा 1 मार्च 2017 पासून लागू झाला होता आणि त्यानुसार अधिसभा गठित व्हायची होती. प्रश्न विचारणारी व्यासपीठेच अपुरी असताना इतका मोठा निर्णय घेणे मला आजही अनुचित वाटते.

याच कायद्याने विद्यापीठांत माहिती तंत्रज्ञान मंडळाची तरतूद केली आहे. खरेदी समिती, वित्त व लेखा समिती आणि व्यवस्थापन परिषद हे टप्पेही आहेत. तरीही प्रस्ताव बहुधा खरेदीच्या अंगाने तपासला जातो : निविदा नियमानुसार निघाली का, दर किमान आहे का. गरज तपासण्याचा टप्पा मात्र टिपणीतील दोन ओळींत आटोपतो, आणि मार्चअखेर निधी परत जाईल या धास्तीने तर त्या दोन ओळीही घाईत लिहिल्या जातात.

म्हणून प्रत्येक प्रस्ताव वापर करणाऱ्या विभागाच्या प्रमुखाच्या सहीनेच सुरू व्हावा. सध्याच्या प्रणालीतून किंवा देशातील अनेक विद्यापीठे वापरत असलेल्या ‘समर्थ’ या केंद्र सरकारच्या संगणक प्रणालीमधून ते काम का होत नाही, याचे उत्तर त्यात असावे. पहिल्या वर्षाच्या खर्चाबरोबर पुढील पाच वर्षांचा देखभाल करार, प्रशिक्षण आणि मनुष्यबळ यांचा खर्चही मांडलेला असावा, कारण स्वस्त दराने घेतलेली प्रणाली नूतनीकरणाच्या वेळी महाग पडते आणि तोवर विद्यापीठ तिच्यात अडकलेले असते. करार संपल्यावर विद्यार्थ्यांची सर्व माहिती वापरता येईल अशा स्वरूपात विद्यापीठाला परत मिळेल, ही अट कार्यादेशातच हवी. परीक्षा किंवा प्रवेशाशी संबंधित प्रणाली असेल, तर एका विद्याशाखेत एक पूर्ण सत्र चाचणी झाल्याशिवाय आणि त्या चाचणीचा अहवाल विद्या परिषदेपुढे आल्याशिवाय ती सर्वत्र लागू करू नये. जुनी पद्धतही त्या सत्रात तयार ठेवावी.

मंजूर आणि नामंजूर झालेले असे सर्व प्रस्ताव, कारणांसह, विद्यापीठाच्या संकेतस्थळावर ठेवावेत. नामंजूर प्रस्तावांची कारणे विभागांना कळली, तर पुढची मागणी अधिक नेटकी होईल. येत्या अर्थसंकल्पी अधिवेशनात अधिसभा सदस्यांनी तरतुदीला मत देण्यापूर्वी हे कागद मागावेत, अशी माझी विनंती आहे.

— एक निवृत्त प्राध्यापक, डोंबिवली