टाकू नकोस ती चकती

नागपूर, डिसेंबर

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालास, चीनच्या युनान प्रांतातून आणलेल्या पु-अर चहाच्या दोन चकत्यांपैकी मुंबईतली तुझी टाकून देतो, कडूजहर लागते. टाकू नकोस रे. माझ्या चकतीचा चहा मी तीन आठवडे झाले, रोज दुपारी करते आहे. आधी मलाही तसाच लागला होता. आपण दोघांनी तिला घरच्या चहापत्तीसारखं वागवलं, तिथेच चुकलं.

पहिल्या दिवशी मी सुरीने कडेचा तुकडा तोडला. निम्म्याचा चुराच झाला. तो पातेल्यात टाकून पाच मिनिटं उकळला आणि घोट घेतला तर कच्चं टेंभरं खाल्ल्यासारखी जीभ आखडली. बाबा म्हणाले, "काहून वो, एवढा कडू चहा पिऊन राहिली? दूध टाक ना." दूध टाकलं. चव आणखीच बिघडली.

मग शांतपणे विचार केला. गंमत अशी की झाड एकच आहे. आसामात मोठ्या पानाची जी जात लावतात, तीच युनानची. पण आपल्या डब्यातली सीटीसी पत्ती यंत्रात चिरडून तिचे दाणे केलेले असतात, त्यामुळे असेल नसेल ते सगळं ती मिनिटाभरात पाण्यात सोडते. तिला दूध-साखर लागतेच. तुझ्या चकतीत पानं अख्खी आहेत. कढईत परतून, मळून, उन्हात वाळवायची, मग वाफेवर मऊ करून दाबायची, अशी भाकरीएवढी, 357 ग्रॅमची चकती होते. अशा सात चकत्या बांबूच्या पापुद्र्यात बांधल्या की अडीच किलोचा गठ्ठा. कढईत परतताना पानातली बदलत राहण्याची क्रिया पुरती थांबवत नाहीत, म्हणून ते पुढे वर्षानुवर्षं हळूहळू बदलत राहतं. तुझा मित्र ज्या काळ्या, मातकट वासाच्या पु-अरबद्दल सांगत होता, तो पिकवलेला. पानांचा ढीग ओला करून काही आठवडे मुरवायची ती रीत 1973 साली युनानमधल्या कुनमिंगच्या कारखान्यात बसवली. तुझी चकती कच्ची आहे, आणि वयानेही लहान. तिच्यात कडूपणा असणारच.

आता मी करते तसं कर. सुरी नको, दाभण घे. पोती शिवायचं असतं ना, ते. चकतीच्या कडेतून आडवं आत सरकवायचं आणि जरासं उचलायचं, की पापुद्रा सुटून येतो. पान जितकं कमी मोडेल तितका कडूपणा कमी. अर्धा तोळा घे, म्हणजे सहा ग्रॅमच्या आत. जुन्या सेटमधला लहान चिनी मातीचा कप मी मोजून पाहिला, शंभर मिलिलिटरचा भरला. त्यावर बशी झाकण म्हणून. आधी कप गरम पाण्याने विसळून पानं आत टाकायची आणि झाकून एक मिनिट थांबायचं. मग बशी उचलून वास घे. मला कापलेल्या गवताचा आला, त्यामागे वाळलेल्या जर्दाळूचा.

पहिलं पाणी ओतून लगेच फेकून दे. दुसरं ओत आणि मनात दहापर्यंत मोज, बस. बशी किंचित तिरकी धरून सगळा चहा दुसऱ्या कपात काढ, थेंबही मागे ठेवू नकोस, नाहीतर पानं भिजत राहतात आणि पुढचा कप कडू होतो. उकळी मोडल्यावर जरा थांबून ओतलेलं पाणी मला बरं वाटतं. नळाचंच घे. मी एकदा बोअरचं घेतलं तर वर तवंग आला आणि चव बसून गेली.

तिसऱ्या कपाला कडूपणा सर्वांत वर असतो. तिथे थांबू नकोस. घोट गिळून गप्प बस. आवळा खाऊन वर पाणी प्यायल्यावर घशात गोडी येते ना, अगदी तशी येते, साखरेचा कण नसताना. चिनी लोक तिला हुईगान म्हणतात, परतून येणारी गोडी. मला ती पहिल्यांदा आली तेव्हा मी ओट्याशी उभी होते, आणि एकदम तुझी आठवण आली. शाळेतून येताना आवळे खिशात भरून आणायचास, आणि आल्या आल्या माठाकडे पळायचास. पाचव्या-सहाव्या कपाला चहा मऊ होतो. मग दर खेपेला थोडं जास्त थांबायचं. मी दहा कप काढते त्याच पानांचे.

उपाशीपोटी मात्र पिऊ नकोस, पोटात ढवळतं. आणि संध्याकाळनंतर नको, झोप उडते.

ठेवण्याचं बघ. हे पान आजूबाजूचा वास ओढून घेतं. मे महिन्यात मी चकती कुलरच्या खोलीत ठेवली होती, तर कागदाला खसचा वास लागला. आता ती देवघर आणि मसाल्यांपासून लांब, कोऱ्या मडक्यात आहे. इथल्या कोरड्या हवेत ती फार सावकाश बदलणार. तुझ्याकडे उलटं, पावसाळ्यात दमट हवेने बुरशी धरू शकते. आज कागद उघडून नीट बघ. पांढरं, केसाळ काही दिसलं किंवा कुबट वास आला, तर मग खुशाल टाक. तसं नसेल तर संक्रांतीला घेऊन ये. एकाच दुकानातल्या, एकाच दिवशी घेतलेल्या दोन चकत्या, एक मुंबईत राहिलेली, एक इथली. दोन कप शेजारी शेजारी मांडून बघू. बाबाही बसणार म्हणालेत, दुधाशिवाय.

तुझी आई